भरलेली टाकी हलत नाही

मर्गिलान, १४ नोव्हेंबर

अहो,

सलाम. तुम्ही बरे असाल. आम्ही दोघीही बऱ्या आहोत. आईंचे गुडघे थंडीने धरलेत, एवढंच. डाळिंबं उतरवून झाली. फोनवर चार शब्द बोलायला गेलं की तुमच्या मागून कुणीतरी हाक मारतं आणि तुम्ही ठेवून देता, म्हणून हे लिहितेय. शेजारचा तोलिब सोमवारी तिकडे तुमच्या कझानला कामावर परतणार आहे, त्याच्याकडे देते.

आधी तुमच्या त्या फिशटँकचं. "एकटी कंटाळतेस, झाडं लाव, मासे ठेव, मन रमेल," म्हणालात. रमलं हो मन. खाली माती, वर धुतलेली वाळू, सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. वाळू उसळू नये म्हणून पुलावाची थाळी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतलं. तरी झाडं आपली लावली की वर, लावली की वर. चिमट्याने खोचून खोचून माझी मान मोडून आली. त्या जाड पानांच्या झाडाचं खोड वाळूत पुरायचं नसतं, दगडाला बांधायचं असतं, हे तुम्ही ते सडल्यावर सांगितलंत. दिवा जास्त वेळ ठेवला तर काच हिरवी होते, कमी ठेवला तर पानं पिवळी पडतात. आणि आपल्या नळाचं पाणी तुम्हाला ठाऊकच आहे. किटलीतला पांढरा थर आता टाकीच्या काचेवरही बसतो.

वर तुमचं एकच पालुपद, पाणी मुरू दे, तोवर मासे सोडू नकोस. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी काय सांगायचं? सनोबर खाला भिंतीवरून रोज विचारते, "सूनबाई, पाण्यात गवत तर पेरलंस, आता शेळी कधी आणतेस?"

शेवटी महिन्याने मासे आणले, लाल शेपटीचे, चिमुकले. थोडे दिवस बरे गेले. मग पाणी दुधासारखं झालं, मासे वर येऊन तोंड उघडायला लागले आणि एका सकाळी सगळे उताणे. पाहते तर आई जेवणानंतर दस्तरख्वानाचं कापड टाकीत झटकत होत्या. मी ओरडलेच त्यांच्यावर. त्या म्हणाल्या, "मग नानचा चुरा कचऱ्यात टाकू? घरात तोंडं आहेत, ती उपाशी ठेवू?" नान कचऱ्यात टाकणारं घर नाही आपलं. आणि खरं सांगू, राग त्यांच्यावर नव्हताच.

तुम्ही नमुना म्हणून फोटो पाठवला होतात ना, "अशी दिसली पाहिजे" म्हणून? तो समोर ठेवूनच मी सगळं करत होते. दगडावर काय दाट शेवाळ चढलंय त्यातल्या. एवढं व्हायला वर्षं लागतात, ते माझी झाडं मेल्यावर मला कळलं. तुम्ही म्हणालात, टाकी कामगारांच्या खोलीतली आहे. काम बदललं की खोलीही बदलते, असंही तुम्हीच सांगता. अहो, भरलेली टाकी हलत नाही. मी आमची खिडकीपासून वीतभर सरकवायला गेले, तर काच अशी कुरकुरली की हात काढून घेतला. जिथे कायम राहायचं, तिथेच माणूस ती भरतो. आणि तुम्ही सगळे दिवसभर बांधकामावर असता, मग पाणी कोण बदलतं, पानं कोण कापतं? इथे असताना अंगणातल्या रैहानच्या कुंडीला तुम्ही कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीत.

आईंना मी तो फोटो दाखवला नव्हता. परवा माझ्या पाठीमागून त्यांनी पाहिला. चष्मा लावून बराच वेळ पाहत बसल्या.

"टाकीमागच्या पडद्याला इस्त्री आहे," म्हणाल्या.

मी फोटो बाजूला ठेवला.

"मला दोन वर्षांपासून वाटतंय. तुझ्याकडे बघून बोलले नाही."

"मी तुमच्याकडे बघून," मी म्हणाले.

मग दोघींनी चहा घेतला. रडलो नाही. मला फार राग आलाय, तो सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी माशांसाठी चिडलेय.

निघताना तुम्ही एक घास चावून ठेवलेला नान, परत येऊन संपवायचा म्हणून, खिळ्याला टांगलेला होता. आई त्याची धूळ पुसायच्या, दर शुक्रवारी. काल त्यांनीच तो खाली काढला. मला वाटलं, आता हाही टाकीत चुरतात की काय. "वेडी आहेस का? इक्रोमचा उष्टा घास आहे. माशांनी काय पाप केलंय?" म्हणाल्या आणि स्वच्छ रुमालात बांधून माझ्या हातात दिला.

तो या पत्रासोबत आहे. दगड झालाय, चहात भिजवून खा. तो संपवायला आता इथवर यायला नको.

टाकी धुऊन पुन्हा भरलीय, झाडं नवी लावलीत. या वेळी पाणी मुरेपर्यंत थांबीन, घाई कसलीच नाही. खिळ्याला आईंनी कात्री अडकवलीय, पानं कापायची. चुरा आता चिमण्यांना घालतात.

तब्येतीला जपा.

तुमच्या आईंची सून,
नफोसत