अंगणातल्या पावसाची बाटली

अण्णा, तुमचा पर्जन्यमापक पिंपरी पेंढारच्या अंगणात अजून आहे, फक्त शेजारी आता माझा एक डबा बसलाय. रोज सकाळी तुम्ही त्यातलं पाणी काचेच्या नळीत मोजून वहीत लिहायचात. तुम्ही किती पडला ते बघायचात, मी कुठून आला ते विचारते. हसू नका. पावसाच्या पाण्यात थोडं जड पाणी मिसळलेलं असतं. घाट चढताना ढग ते आधी सांडतो, आणि आपल्या कोरड्या हवेत थेंब पडता पडता वाळतो. या सगळ्याची खूण पाण्यात राहते, प्रयोगशाळेतलं मशीन ती वाचतं, आणि मी त्या खुणांचा नकाशा करतेय. आंबेगावच्या डोंगरातले भातवाले चार ठिकाणी पाणी साठवून देतात. पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात मात्र एकच जागा, आपलं अंगण. ती बाद झाली की नकाशावर तिथं नुसता पांढरा डाग. आपल्या विहिरी आपल्या पावसावर भरतात की कालव्यावर, हे मग कुणालाच सांगता यायचं नाही.

डबा सांभाळते धाकट्या भावाची बायको. तुम्ही गेल्यावर ती घरात आली, तुम्ही तिला पाहिलं नाहीत, लई उरकाची बाई आहे. महिन्याचं पाणी ती बाटलीत भरते, मी येऊन नेते. यंदा ऑगस्टच्या बाटलीचे आकडे बघून मी चक्रावले. पाणी आपल्या अंगणातलं आणि खूण डोंगरातल्या पावसाची! तशीच गावी आले. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "खरं सांग, काय घातलंस यात?"

तिचा हात परातीतच थांबला. "ताई, पाऊस व्हता कुठं? तळाला इवलंसं पाणी. तुमीच म्हणला व्हता, गळ्यापर्यंत भर. मग इहिरीचं घातलं. माहेरवाशिणीच्या हाती रिकामं भांडं कसं देऊ? आईंनीच शिकवलंय मला."

आता बोला! शेजारणीची वाटीसुद्धा आपल्याकडं चार दाणे घातल्याशिवाय परत जात नाही, हे मी शहरात राहून विसरले होते. तरी भडकलेच. "अगं बाई, दोन वर्षांचं काम मातीत घातलंस!" तिचे डोळे भरले. पिठाचे हात पुसून तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या वर्षीचंही जपून ठेवलेलं. ज्या दोन महिन्यांत तिनं वरून पाणी घातलं, त्या पानांवर 'विहिरीचं' असं लिहिलेलं. "बाकी समद्या खऱ्या हायेत ताई. इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

दोन बाटल्या गेल्या अण्णा, बाकीच्या वाचल्या. आपलं अंगण नकाशावर राहिलं. आणि गंमत बघा, त्या चुकीच्या बाटलीनंच पहिल्यांदा सुचवलं की आपल्या विहिरीत कालव्यानं आलेला डोंगरातला पाऊस असावा. आता विहिरीचं पाणी वेगळं तपासायला घेतलंय. भावजयीला सांगितलं, पाऊस नसेल तर बाटली रिकामीच दे, रिकामीही नोंदच असते. परवा तिनं रिकामी दिली, पण पिशवीत शेंगा भरून. म्हणाली, "बाटली रिकामी न्या, पिशवी न्हाई."

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण वेगळंच आहे. मी चौथीत होते, तुम्ही ओझरला गणपतीला जाऊन दोन दिवस तिकडंच राहिलात आणि वही माझ्याकडं दिलीत. पहिल्या दिवशी मी आळसानं न बघताच आकडा लिहिला. तुम्ही परत आलात, पहिल्या दिवशी थेंबही पडला नव्हता हे आईकडून कळलं आणि मला समोर बसवलंत. "नाय पडला तर शून्य लिही. बघितलं नाय तर बघितलं नाय म्हणून लिही. मनचं लिहायचं न्हाई." मग दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर बोट ठेवून पाठ थोपटलीत, "हा कसा नीट लिहिलास!" तेव्हा काय लाज वाटली मला! पण बोलले नाही.

आज तुमची वही काढून त्या दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर रेघ मारली. हा कागद त्याच पानात ठेवतेय. भावजयीनं नुसतं विचारल्यावर सांगितलं, मला इतकी वर्षं लागली. त्या सकाळी पाऊस होता, पण नळीत ओतताना पाणी माझ्या हातून सांडलं होतं, अण्णा.