काजांपुढचं शून्य

तासिकमलाया,
७ जुलै २०२५

माझी विदा,

अंबूचा सलाम आणि भरभरून आशीर्वाद. इथे सगळं ठीक. वाळत घातलेले भातवडे अर्धे कोंबड्यांनी खाल्ले, उरलेले शर्टांसोबत पाठवते आहे.

तुझ्या ऑनलाइन दुकानाचा हिशेब असा: एका शर्टाला कापड बासष्ट हजार रुपिया, दोरा-बटणं चार हजार, पिशवी दीड हजार, माझी शिलाई पंचवीस हजार. "अंबू, घरचे हात फुकट धरले तर विकून विकून बुडू," असं तू बजावलंस, म्हणून शिलाई लिहिली. भाव वाढवूनही मागची खेप हातोहात गेली, म्हणजे तुझंच खरं.

आता तुझा प्रश्न. "तीन महिने काजांपुढे शून्य कसं? काजं काय उंदीर करतात?" फोनवर तू हसत होतीस आणि इकडे मला घाम फुटला. म्हणून हे पत्र.

काजं कोपऱ्यावरचे शिंपी पाक ओजातच करतात. पैसे पुढे केले की म्हणतात, "असू दे."

"असू दे काय? माझी मुलगी हिशेब मागते."

"तिला सांगा, घरचंच काम आहे."

"कुणाच्या घरचं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

तर मशीन थांबवून म्हणाले, "आपल्या दोघांच्या म्हटलं तर चालेल का?"

विदा, शर्टांचा गठ्ठा तिथेच टाकून मी घरी पळाले. पंचावन्न वर्षांची बाई! वाटेत हसू आवरेना. तुझ्या आबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची आठवण रोज येते, आणि तरी हा माणूस मला हवासा वाटतो. दोन्ही खरं आहे.

अजून होकार दिलेला नाही. तुला नको असेल तर त्यांचे सगळे पैसे चुकते करीन, काजं दुसरीकडे देईन आणि तुझ्यावर रुसणार नाही. थोडी रुसेन.

हिशेबात मात्र काजांचे साडेतीन हजार धर. लग्न झालं तरी धर. घरचे हात फुकट नसतात हे त्यांनाही शिकवायचं आहे.

खोक्यात तळाशी एक पांढरा शर्ट आहे, काजं न केलेला. तो विकायला लावू नकोस. माप पाक ओजातांचं आहे. तुझ्या मनाला पटलं तर तो इकडे परत पाठव. काजं ते स्वतःच करतील.

रोज टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी अंबू