बंद ठेवलेलं वाय-फाय

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा शनिवारी दुपारी तुम्ही पकडले गेलात.

आई आता माझ्याकडे गुरुग्रामला राहते. तिला तुमच्या जुन्या लॅपटॉपमधले फोटो फोनवर हवे होते. पेन ड्राइव्ह लावला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्हच नव्हतं, आणि ते मी बिघडवलं असं आपल्या घरात सतरा वर्षं चालत आलंय. मी हट्टाला पेटले.

तो रविवार तुम्ही विसरला असाल, मी नाही. सरकारी क्वार्टरची ती बैठकीची खोली, तुमचे ऑफिसातले तिघे जण, आईने केलेले पोहे. मी बारावीची परीक्षा देऊन बसलेली, कॉम्प्युटरच्या कोर्सचा फॉर्म टेबलावर अर्धा भरलेला. तुम्ही सगळ्यांना आपलं लिनक्स दाखवायला लॅपटॉप उघडता आणि इंटरनेट लागत नाही. आदल्या दिवशी मी त्याच्यावर कॉलेजांची माहिती बघितली होती, तेवढं पुरलं तुम्हाला. "हिने हात लावला आणि कार्ड जाळलं. यार, मशीन हिच्या हातात टिकतच नाही." एक जण हसत म्हणाले, "अरे साहब, बिटिया को बी.कॉम. कराइए." तुम्हीही हसलात. मी पोह्यांच्या बश्या उचलून आत गेले. तीन दिवसांनी बी.कॉम.चा फॉर्म भरला, तुमच्याच पेनाने, आणि तुम्ही "बिल्कुल ठीक" म्हणालात. आज ऑफिसात माझा लॅपटॉप अडला की मी दोन्ही हात मांडीवर ठेवून आयटीवाल्यांची वाट बघत बसते. ही तुमची देणगी.

तर शनिवारी मी फोनवर लोकांची जुनी प्रश्नोत्तरं वाचत एकेक पायरी उतरले. आधी मशीनला वाय-फायचं कार्ड दिसतंय का ते बघितलं. दिसत होतं, ठणठणीत होतं. मग ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सुरू होतोय का? होत नव्हता. का होत नाही, हे शोधता शोधता संध्याकाळचे पाच वाजले, आणि एका फाइलमध्ये ती ओळ मिळाली: हा ड्रायव्हर सुरू करू नये. ओळीच्या वर तुमचं टिपण. तुम्ही ऑफिसच्या फाइलवर लिहायचात तसंच, हिंदीत, तारीख आणि आद्याक्षरांसकट: "नया ड्राइवर आज़माने हेतु पुराना बंद किया." तारीख त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारची. आणि त्याखाली दुसरं टिपण, रविवारनंतर आठ दिवसांनी: "कारण उपरोक्त. बेटी की गलती नहीं. यथास्थिति बनाए रखें." म्हणजे, आहे तसंच राहू द्या.

बाबा, कॉम्प्युटरच्या फॉर्मची मुदत संपायला तेव्हा अजून चार दिवस होते.

मी ती ओळ काढली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि वाय-फाय लागलं. मला तेव्हा काय वाटलं सांगू? तुम्ही समोर हवे होतात. तुमच्या त्या तिघांसमोर तुम्हाला ते टिपण मोठ्याने वाचायला लावलं असतं, दोनदा. शेवटपर्यंत तुम्ही खिडकीतून इंटरनेटची पिवळी केबल ओढून बसलात, आई त्यात अडखळून पडली तरी. वाय-फाय चालू झालं असतं तर चूक कोणाची ते सांगावं लागलं असतं ना! आणि सवय अशी, की घरात तोंड उघडवलं नाही पण फाइल अपुरी ठेववली नाही. तुमच्या त्या आद्याक्षरांची मला अजून चीड येते.

मग लॅपटॉप तसाच उचलून मी स्वयंपाकघरात गेले. आई मटार सोलत होती. म्हटलं, वाच. तुझ्या देवमाणसाने काय लिहिलंय ते वाच. तिने चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि म्हणाली, "अच्छा, हे होय. मला माहीत होतं गं."

"कधीपासून?"

"तेव्हाच म्हणाले होते. मीच म्हटलं, जाऊ दे, तिचा फॉर्म भरून झालाय, आता कशाला डोकं फिरवायचं तिचं." आणि पुन्हा शेंग सोलायला घेतली. "फोटो आले का फोनवर?"

मी फोटो पाठवले. तिला ते कसे मोठे करायचे तेही दाखवलं. ती आता बाहेर सोफ्यावर बसून ते बघतेय, आणि मी इथे दार लावून तुम्हाला लिहितेय. हे पाठवायला पत्ता नाही, हे बरंच आहे. कारण खरं सांगायचं तर यातला निम्मा राग तुमच्यावरचा नाही. तो ज्या माणसावरचा आहे ते माणूस दहा पावलांवर बसलंय, आणि त्याला एक शब्द बोलायची माझी हिंमत होत नाही.