टोचतं तिथे

४ सप्टेंबर

कृत्रिम पाय बनवायला शिकतोय, त्याला चौसष्ट दिवस झाले. उरले सव्वीस. मग शिकवणाऱ्या मॅडम कागदावर शेरा मारणार — ठेवायचं की घरी पाठवायचं. वय त्रेपन्न. फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा तरुण पोरं पटापट कुठेकुठे चिकटली, मी राहिलो. इथूनही घालवलं तर पुढे कुणी दारात उभं करणार नाही.

मॅडम माझ्या मुलीहून दोन वर्षांनी लहान! काका काका म्हणत बिनपाण्याने करतात.

७ सप्टेंबर

हिने विचारलं, "अहो, दिवसभर करता तरी काय तिथे?" सांगितलं — सकाळी माणसाच्या उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. घट्ट झाल्या की अलगद काढायच्या. त्या पोकळीत प्लास्टर ओतलं की तसाच पाय तयार. त्याला कानशीने आकार द्यायचा. दुपारी भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक त्यावर चढवायचं, ते झालं वाटीसारखं — त्यात खरा पाय बसतो. खाली दांडा, पाऊल. मग माणसाला उभं करून बघायचं.

"म्हणजे सुतारकामच की!"

तेच तर! कानस हातात आली की मला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही.

११ सप्टेंबर

प्लास्टर. केसांत, कानांत, डब्यातसुद्धा!

१६ सप्टेंबर

पहिल्यांदा सगळं काम माझ्या एकट्याकडे. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई. डावा पाय गुडघ्याखाली नाही. जुना कृत्रिम पाय बाहेरच्या हाडाला टोचतो, जखम होते, म्हणून कुबड्यांवर चालतात. दोन वर्षं मैदानात खुर्चीवर बसून शिकवतात. "मुलं पळतात, मी शिट्टी फुंकते. लाज वाटते हो."

मी म्हटलं, बाई, निर्धास्त राहा!

१९ सप्टेंबर

तोंड दाखवायला जागा नाही. बाईंनी नव्या पायावर भार टाकला आणि ओरडल्याच. हाडावर लालभडक चट्टा. टोचतं म्हणाल्या होत्या, म्हणून मी प्लास्टरच्या पायावर नेमकी तीच जागा घासली होती. दार अडकतं तिथे घासतो ना, तसं! तीस वर्षांची सवय.

मॅडमनी एका नजरेत ओळखलं. "काका, तुम्ही वाटी नाही घासलीत, पाय घासलात. पाय बारीक केला की वाटी तिथेच आवळणार. टोचतं तिथे प्लास्टर चढवायचं, म्हणजे आत जागा होते. सुतार इथे हमखास चुकतो."

हमखास! मग आधी नाही सांगायचं? खरं तर सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. मी नुसती मान डोलावली होती.

बाई रागावल्या नाहीत. "परत कधी येऊ?" एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० सप्टेंबर

जेवण गेलं नाही. हिने ताटाकडे बघून ओळखलं. "चुकलं ना? मग नीट करा. का नांगी टाकताय?"

२४ सप्टेंबर

नवं माप, नवं प्लास्टर. हाडाच्या जागी जांभळ्या पेन्सिलीची खूण. कानस चक्क बाजूला ठेवली. बोटांनी प्लास्टर चढवलं, चिमूटभर, पुन्हा चिमूटभर. हात नुसते शिवशिवत होते! शेवटी मांसल जागी तेवढं घासलं, तिथे पायाला भार सोसतो.

मॅडम मागे उभ्या होत्या. पाठीवर त्यांची नजर असली की जास्त धास्ती वाटते.

३० सप्टेंबर, सकाळ

बाई येऊन गेल्या. आधी भिंतीला धरून चार पावलं. मग खोलीभर. मग बाहेर पॅसेजमध्ये. "टोचतंय का?" मी तीनदा विचारलं. "थांबा हो, बघू तर द्या!" म्हणाल्या, घड्याळ बघितलं, "अगं बाई, तास आहे माझा!" आणि गेल्याच! मला उत्तर काही मिळालं नाही. मॅडमच्या टेबलावर माझा कागद तसाच कोरा.

दुपारी चार

झाडताना दाराआड दोन कुबड्या सापडल्या. बाईंच्या! फोन केला. मागे मुलांचा दंगा. बाई आधी हसत सुटल्या, मग बहुतेक रडल्या.

मॅडमनी माझा कागद ओढला. शेऱ्यात लिहिलं — "कुबड्या विसरून गेल्या." खाली सही. उद्या आठला कामावर बोलावलंय.