पेस्टचा एकच थेंब

बाबा,

झोपेचं सोंग छान वठवलंत, म्हणून मीही न उठवता निघाले. नोकरीच्या गावी पोचले की कळवते.

कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर बसवलाय. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, तसा तो अलगद आपल्या जागी बसला, जोर लावावाच लागला नाही. वर उष्णता शोषून नेणाऱ्या पेस्टचा मटारएवढा एकच थेंब. तुम्ही रंगारी खरे, पण मागच्या वेळी ब्रशने पेस्टचे दोन हात मारलेत, म्हणून तर जुना तापायचा आणि पंखा दिवसभर घरघरायचा.

पहाटे चालू करून पाहिला. इतकं शांत, की भिंतीवरचा तुमचा निळा रंगही ऐकू येईलसं वाटलं.

एवढ्या शांततेत घर खायला उठलं, तर फोन करा. मी काही बोलणार नाही, नुसती घरघरत राहीन.

– चिमणी