हरली की घरी

प्रिय रंजीता,

तुमच्या पहिल्या फुटबॉल मॅचला अख्खं गाव शाळेच्या पडवीत टीव्हीपुढे बसलं होतं. तुमच्यावर पाचवा गोल बसला तसे तुझे चैतूमामा उठले आणि म्हणाले, “चला, झालं. आता पोरगी येते घरी.” त्यांना आपल्या मंडईच्या जत्रेतल्या कबड्डीचा नियम ठाऊक, हरला त्यानं गाठोडं बांधायचं. आणि मामांनी तुला जाऊ द्यावं म्हणून तुझ्या बाबांनी त्यांना शब्दच तसा दिला होता ना? जिंकते तोवर खेळू द्या, हरून परत आली की तुमच्या घरची सून. तुझी आई त्या घरातून आली, म्हणून आता तू त्या घरी जायचं. दूध लौटाव्याची ही रीत आपल्याकडे कुणी मोडली आहे? मामा वाईट नाहीत गं, त्यांचा पोरगा दिनेशही नाही. येताना तुझ्यासाठी मोहाच्या लाडवांचा डबा आणला होता त्यांनी. म्हणून तर भांडताही येत नाही.

मग मीच मास्तरीण झाले. चार गोटे मांडून मामांना गट समजावला. चार संघ, प्रत्येकाशी एकदा खेळायचं, एकदा हरलं तरी संपत नाही. “हरूनबी खेळते? असा कोनता खेळ आहे वो बाई?” म्हणाले, पण थांबले. दुसरी मॅचही गेली. डावीकडचा तो बॉल गोलात उभ्या कुणाच्याच हाताला लागला नसता. धानाच्या बांधीत धसकटांवर उड्या मारायचो, तेव्हापासून तुझे हात ओळखते मी. तुमचा संघ बाहेर पडला हे मला कळलं होतं. मामांना मात्र सांगितलं, अजून आशा आहे. चेहऱ्यावरची माशीही हलू दिली नाही.

माझं काय सांगू? गुडघा तसाच आहे. बरी होईपर्यंत म्हणून कॅम्पमधून आले आणि इथलीच झाले. कुणी परत बोलावलं नाही. मोहफूल वेचायला वाकले की कळ निघते. माझ्या बुटांत आईनं दोडक्याचं बी ठेवलंय.

परवा तू फोनवर रडलीस. म्हणालीस, शेवटची मॅच झाली की घरी येते, मामाकडे गेले तरी चालेल आता. तुझी आई माझ्या शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं आणि लगेच अंगण सारवायला घेतलं. तिचं तरी काय चुकलं?

तुझे बाबा रोज दुपारी फाट्यावर एसटीची वाट बघत बसतात. दसरू पोरीपायी येडा झाला, असं गाव म्हणतं. मलाही तेच वाटायचं. काल पाणी घेऊन गेले, तर म्हणाले, “तिले घरी न्याले नाई बसलो, दिव्यानी. शिवेच्या आत पाय पडला का माहा शब्द लागू होते. इथूनच, त्याच गाडीनं वापस धाडतो तिले.” कुठे धाडणार, ते त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही. संघ सुटल्यावर तुला कोण ठेवून घेणार? खरं सांगते, यातून काही बरं होईल असं मला वाटत नाही. तरी हे लिहून, फोटो काढून, तुमच्या कोच मॅडमच्या फोनवर पाठवते आहे. रविवारी हरलीस तर हर, पण घरी येऊ नको. तुला बघावंसं फार वाटतं गं. तरी येऊ नको.

तुझीच,
दिव्यानी