मालिकेतला कोच

रॉइसदादा,

काल शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्या गावाने तुझ्यावरच्या मालिकेचा शेवटचा भाग पाहिला. त्यातला कोच, म्हणजे तूच, गुडघा सुजलेल्या पोराचं फुटबॉलचं हेल्मेट काढून घेतो आणि म्हणतो, "मॅच गेली तरी चालेल, पोरा, तुझा पाय जाता कामा नये." गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तू हात हलवलास, वर डोळेही पुसलेस. मला शिसारी आली.

माझा क्लेटन शाळेत तुझ्या संघात होता, तेव्हा त्याचा गुडघा असाच सुजला होता. तू त्याला दुखणं मारायचं इंजेक्शन टोचायला लावलंस आणि "रडतोस काय बायकांसारखा?" म्हणत मैदानात ढकललंस. आज सव्विसाव्या वर्षी तो जिना चढताना पायरीपायरीला थांबतो. आणि काल तोही उभा राहिला, पुढच्या खुर्चीच्या पाठीला पोट टेकून, तोल सावरत. घरी येताना मी विचारलं, "तू कशाला टाळ्या वाजवल्यास?"

म्हणाला, "टीव्हीतल्या पोराला तरी वाचवलं ना मामानं."

हे सगळं तुझ्या तोंडावर फेकायचं म्हणून लिहायला बसले. पण एक गोष्ट मालिकेत नाही आणि क्लेटनलाही ठाऊक नाही. इंजेक्शनच्या आधी तू कुंपणाशी येऊन मला विचारलं होतंस, "वर्ना, खेळवू का त्याला?" विद्यापीठाचा माणूस त्या दिवशी त्यांच्या संघासाठी शिष्यवृत्तीवर पोरं निवडायला आला होता.

मी म्हणाले, "खेळव."

पत्र मिळालं तर तू क्लेटनला माझं तेवढंच सांगशील, म्हणून ते पेटीत टाकत नाही.

तुझ्याच रक्ताची,
वर्ना